कोळंबीच्या अ‍ॅलर्जीची स्लाइड: आधी बिनसीरमची काच वाचा

प्रश्न: मी रत्नागिरीत पीएच.डी. करते. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात अशा २४ जणांचं सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) माझ्याकडे आहे. बिनतक्रार कोळंबी खाणाऱ्या ६ जणांचंही आहे. प्रत्येकाचं जेमतेम २०० मायक्रोलिटर शिल्लक आहे. टायगर कोळंबीच्या ट्रोपोमायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाचे ९१ पेप्टाइड (१५ अमिनो आम्लांचे तुकडे, दर वेळी ३ने पुढे सरकणारे) जुलैत एपॉक्सीचा थर असलेल्या काचेच्या स्लाइडवर स्पॉट केले, म्हणजे ठिपक्यांनी छापले. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवून १:५० पातळ केलं. ब्लॉकिंग (काचेची मोकळी जागा झाकणं) फिश जिलेटिनने केलं. शेवटी बायोटिन लावलेली अँटी-आयजीई (अ‍ॅलर्जीच्या आयजीई या अँटीबॉडीला धरणारी) आणि साय-५ या चमकत्या रंगाचं स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट धरणारं प्रथिन) वापरलं. ठिपके एकमेकांत मिसळलेत, सगळ्या काचेवर धुकं आहे. स्पष्ट तक्रार असलेल्या ९ जणांच्या कप्प्यात काहीच दिसत नाही, आणि अ‍ॅलर्जी नसलेल्या दोघांचे ११-११ ठिपके चमकतात. गाइड म्हणतात पेप्टाइडच खराब आले. त्यात एका मुलाची आई रोज फोन करते, "रिपोर्ट आला का? पोराला कोळंबी द्यायची की नाही?" काय करू?

उत्तर:

तुमचे पेप्टाइड बहुधा ठीक आहेत. तुम्ही लिहिलेल्या पाच ओळींत निदान चार स्वतंत्र चुका दिसतात आणि प्रत्येकीची खूण काचेवर वेगळी उमटली आहे. म्हणून पहिली विनंती: उरलेल्या सीरमला आता हात लावू नका. सीरमशिवायची स्लाइड पूर्ण काळी येईपर्यंत रुग्णाचा एक थेंबही खर्च करायचा नाही. पेप्टाइड पुन्हा मागवता येतात. अंगावर पित्त उठलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायला बोलावणं फार जड जातं.

आधी ९ जणांच्या शून्याबद्दल. यात दोन गोष्टी एकत्र आल्यात, तापवणं आणि पातळ करणं.

सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायची सवय कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतू मारणारी प्रथिनं) निष्क्रिय करायच्या प्रयोगांतून आली आहे. आयजीजीला (रक्तातली सगळ्यांत मुबलक अँटीबॉडी) त्याने फारसं काही होत नाही. आयजीई मात्र उष्णतेला हळवी आहे. १९२१ साली प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर यांनी हा रक्तातला घटक पहिल्यांदा दाखवला. क्युस्टनरना मासे चालत नसत. त्यांचं सीरम प्राउसनिट्झ यांच्या कातडीत टोचलं, आणि तिथेच माशाचा अर्क दिल्यावर गांध उठली. त्या घटकाचं नावही ठरलं नव्हतं तेव्हापासून तो तापवला की निकामी होतो हे माहीत आहे. आयजीईच्या रेणूचा बुडखा, म्हणजे पेशीला चिकटणारा भाग, तापल्यावर घडी सोडतो. पेप्टाइड पकडणारे हात शाबूत राहिले तरी तुमची अँटी-आयजीई ज्या बुडख्याला ओळखते तोच बदललेला असतो. म्हणजे आयजीई ठिपक्यावर बसलेली असूनही तुमच्या रंगाला ती दिसत नाही.

संसर्गाच्या भीतीने तापवलं असेल तर ती भीती रास्त आहे, उपाय मात्र दुसरा करा. हातमोजे, हेपॅटायटिस-बीची लस, सेफ्टी कॅबिनेट, आणि वापरलेल्या टिपा व धुण्याचं पाणी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये. आता ट्यूबांकडे बघा. तापवलेला भाग वेगळा असेल आणि मूळ ट्यूब न तापवलेल्या असतील तर काहीच बिघडलेलं नाही. सगळंच तापवलं असेल, तर अ‍ॅलर्जी असलेल्या एखाद्या स्वयंसेवकाचं ताजं सीरम दोन भागांत करा, एक तापवा, एक तसंच ठेवा, आणि दोन्ही शेजारच्या कप्प्यांत चालवा. किती गमावलं ते आकड्यात कळेल, आणि पुन्हा रक्त घ्यायचं की नाही हे त्यावरून ठरवता येईल.

आता १:५०. हे प्रमाण आयजीजीच्या एलायझातून (अँटीबॉडी मोजायची नेहमीची चाचणी) आलेलं दिसतंय. आयजीजी रक्तात मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम असते, म्हणजे एक कोटी नॅनोग्रॅम. आयजीईचं एक आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे सुमारे २.४ नॅनोग्रॅम. विशिष्ट आयजीईसाठी रूढ असलेली ०.३५ किलोयुनिट प्रति लिटर ही मर्यादा धरली तर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमही भरत नाही, ०.८४ येतं. त्याला ५० पट पातळ केल्यावर उरतं ०.०१७ नॅनोग्रॅम, आणि तेही ९१ पेप्टाइडांत वाटलं जाणार. स्कॅनरला ते दिसावं अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. आयजीईसाठी १:५ घ्या. सीरम भरपूर असेल तर १:२ सुद्धा चालतं, पण तेवढं तुमच्याकडे नाही. त्याच काचेवर आयजीजी४ (आयजीजीचा एक पोटप्रकार) बघायची असेल तर १:२० पासून सुरुवात करा.

पातळ करताना वेळही वाढवा. काचेवर १६ कप्पे पाडणारं रबरी गॅस्केट वापरत असाल तर कप्प्यात १०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे मूळ सीरम फक्त २० मायक्रोलिटर लागेल. ४ अंशांवर रात्रभर, हलक्या डोलत्या प्लॅटफॉर्मवर ठेवा. तासाभरात आयजीजी जागा अडवते. आयजीईला तिचा वाटा मिळायला वेळ लागतो. ओल्या टिश्यूच्या डब्यात झाकून ठेवा. कप्प्याची कड सुकली की तिथे जी रेघ चमकते ती नंतर काही केल्या जात नाही.

इतकं करूनही एखाद्याचं शून्यच आलं, तर आयजीजीने जागा बळकावली आहे का ते बघता येतं. प्रोटीन-जी आयजीजीला धरतं, आयजीईला धरत नाही. १० मायक्रोलिटर सीरम प्रोटीन-जीच्या मण्यांवरून काढा. त्यात सीरम किती पातळ झालं ते मोजा, आणि आधीचं-नंतरचं तेवढंच पातळ करून शेजारी चालवा. हे दोन-तीन नमुन्यांवरच करा. सगळ्यांवर केलंत तर मण्यांतच सीरम संपेल.

आता मिसळलेले ठिपके. यात दोष पावसाळ्याचा आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलैत खोलीतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या खाली येता येत नाही. स्पॉटिंगला ५० ते ५५ टक्के हवी. त्याहून ओल्या हवेत थेंब सुकत नाही, पसरतो आणि शेजाऱ्याला मिळतो. फार कोरड्या हवेत उलटं होतं: थेंब कडेने सुकतो आणि मधे पोकळ कडं उरतं. एसी लावून भागत नाही, कारण कॉम्प्रेसर थांबला की आर्द्रता पुन्हा चढते. डीह्युमिडिफायर आणा किंवा एसी ड्राय मोडवर ठेवा. आर्द्रतामापी भिंतीवर न टांगता स्पॉटरच्या (ठिपके टाकणाऱ्या यंत्राच्या) आत, स्लाइडच्या शेजारी ठेवा. मापी खरं सांगतो का हे तपासायला महाग काही लागत नाही. बंद डब्यात वाटीभर साधं मीठ चिखलासारखं ओलं करून ठेवा, मापी आत ठेवा, सहा-सात तास थांबा. साधारण २५ अंशांना त्याने ७५ दाखवायला हवं. ७० किंवा ८० दाखवत असेल तर तेवढा फरक लिहून चिकटवा.

तोच मिठाचा डबा पुढेही लागतो. स्पॉटिंग संपल्यावर पेप्टाइडला एपॉक्सीशी बांधून घ्यायला थोडी ओल हवी असते, म्हणून स्लाइड त्या ७५ टक्क्यांच्या डब्यात रात्रभर ठेवा आणि मग डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) सुकवा. उघड्या टेबलावर जुलैच्या हवेत ठेवू नका. तिथे पेप्टाइडऐवजी हवेतलं पाणीच एपॉक्सीची कडी उघडतं आणि पुढे काच पेप्टाइड धरेनाशी होते. पाकीट फोडलेल्या एपॉक्सी स्लाइडवर तारीख टाका, सिलिका जेलसह सीलबंद ठेवा, आठवड्यात संपवा. जेलचा रंग उडाला असेल तर ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवून घ्या.

स्पॉटिंग बफरही बघून घ्या. त्यात ट्रिस (बफरसाठी नेहमी वापरलं जाणारं रसायन) असेल तर तेच तुमचं दुखणं असू शकतं. ट्रिसला स्वतःचा अमिनो गट असतो आणि तो पेप्टाइडच्या आधी एपॉक्सीवर जाऊन बसतो. ग्लायसीनचंही तसंच. फॉस्फेट बफर, पीएच ८.५ घ्या. उरलेली एपॉक्सी नंतर ५० मिलिमोलर इथेनॉलअमिनने, पीएच ९ ला, अर्धा ते एक तास बंद करा. तिथे ट्रिस चालतं.

पेप्टाइडच्या पुडीबद्दल एक. सुकवलेली पावडर हवेतलं पाणी ओढते, आणि वजनातला काही भाग मुळातच पाणी आणि ट्रायफ्लुओरोअसिटेटचा क्षार असतो. फ्रीजरमधून काढलेली बाटली लगेच उघडली की आत दव पडतं. बंद बाटली तासभर डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पावसाळ्यात पेप्टाइड तोलत बसू नका. पुरवठादाराने बाटलीत दिलेलं अख्खं एकदाच विरघळवा. ट्रोपोमायोसिनचे तुकडे ग्लुटामेटने भरलेले असतात. आम्लधर्मी तुकडे पाण्यात न विरघळल्यास थोडं अमोनियम बायकार्बोनेट, अल्कधर्मी असतील तर सौम्य असिटिक आम्ल, आणि जे दोन्हींत रुसतात त्यांना डीएमएसओ. डीएमएसओचा स्टॉकही पाणी पितो, म्हणून छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा. स्पॉट करताना मिलिलिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं.

गाइडना शंका आहे ना, तर एक सरळ परीक्षा घ्या. सशात तयार केलेला कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्धचा पॉलिक्लोनल सीरम एका कप्प्यात चालवा आणि त्यावर सशाच्या आयजीजीला धरणारा रंग लावा. सगळे ९१ चमकणार नाहीत, पण बरेच ठिपके उठले तर पेप्टाइड काचेवर आहेत एवढं सिद्ध होतं. मग वाद पेप्टाइडचा राहत नाही.

प्रत्येक पेप्टाइडचे तीन-तीन ठिपके तुम्ही शेजारीशेजारी टाकले असतील, तर पुढच्या वेळी कप्प्यात विखरून टाका. शेजारी असले की एकच ओघळ तिन्हींवर जातो आणि तिन्ही आकडे जुळल्याचं खोटं समाधान मिळतं. २७३ पेप्टाइड-ठिपके, शिवाय नुसत्या बफरचे निदान १२, आणि शुद्ध मानवी आयजीईची मिलिलिटरला २०० ते १.५ मायक्रोग्रॅमपर्यंत निम्म्या-निम्म्याने उतरणारी ८ पायऱ्यांची शिडी. मानवी आयजीजी आणि आयजीए या दुसऱ्या अँटीबॉडींचेही दोन-दोन ठिपके हवेत. ते चमकले तर तुमची अँटी-आयजीई आयजीईखेरीज इतरांनाही धरते आहे. हे सगळं ३५० मायक्रोमीटर अंतरावर १८ गुणिले १८च्या चौकटीत बसतं, म्हणजे ६ मिलिमीटरात. आयजीईच्या सगळ्यात दाट ठिपक्यानंतर लगेच एक बफरचा ठिपका टाका. तो चमकला तर स्पॉटरची पिन नीट धुतली जात नाहीये.

आता धुकं आणि ११ ठिपके. ही दोन वेगळी दुखणी आहेत, कारण एक सगळ्या काचेवर आहे आणि दुसरं ठरावीक जागी.

धुक्याचा पहिला संशय फिश जिलेटिनवर. माशाचं कोलॅजेन काही लोकांसाठी स्वतःच अ‍ॅलर्जन असतं. आपल्या किनाऱ्यावर मासळी रोज पानात असते; अ‍ॅलर्जी असलेल्या माणसांचं सीरम तपासताना सगळी काच माशाच्याच प्रथिनाने माखणं योग्य नाही. गाईचं बीएसए घेतलं तर दुधाची किंवा गोमांसाची अ‍ॅलर्जी असलेल्यांचा तोच प्रश्न. दूध पावडर त्याहून वाईट: तिच्यात केसिन आहे आणि बायोटिनही आहे, जे तुमचं स्ट्रेप्टाव्हिडिन आधीच गिळून टाकेल. मानवी सीरम अल्ब्युमिन १ टक्का, फॉस्फेट सलाइनमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२० या साबणासारख्या द्रव्यासह, हे अशा कामाला सगळ्यांत निर्धोक. महाग पडतं, पण एका स्लाइडला थोडंच लागतं.

धुण्यातही हात राखू नका. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच ट्वीनच्या सलाइनने तीनदा, पाच-पाच मिनिटं. शेवटी साधं सलाइन, मग क्षणभर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सुकवा. पाण्याचा टप्पा गाळला तर मिठाचे स्फटिक चमकतात. टप्प्यांच्या मधे काच कधीच सुकू द्यायची नाही. आणि पावसाळ्यात साठवलेल्या स्लाइडवर बुरशीचे धागे येतात, तेही स्कॅनरखाली चमकतात. प्रतिमा मोठी करून डोळ्यांनी बघा, सॉफ्टवेअरच्या तक्त्यावर विसंबू नका. साय-५ रंग ओझोनला फार कच्चा आहे आणि दमट हवेत तर आणखी. सुकवल्यावर तासाभरात स्कॅन करा, लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन त्या खोलीत नको.

आता ११ ठिपके. दोघांचेही तेच ११ आहेत का? पत्रात ते लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. तेच असतील तर एक कप्पा सीरमशिवाय चालवा, बाकी सगळं जसंच्या तसं. ते ११ तिथेही चमकले, तर ते पेप्टाइड थेट अँटी-आयजीईला, स्ट्रेप्टाव्हिडिनला किंवा रंगाला चिकटतायत. लायसीन-आर्जिनीन जास्त असलेले तुकडे साय-५सारख्या ऋणभारित रंगाला हमखास धरतात. मग आणखी दोन कप्पे: एकात फक्त स्ट्रेप्टाव्हिडिन, एकात काहीच नाही. कुठल्या पायरीपासून चमक सुरू होते ते कळलं की ती पायरी बदला. बायोटिनची जोडी सोडून थेट रंग लावलेली मोनोक्लोनल अँटी-आयजीई घेतली तर एक मध्यस्थ कमी होतो. चमक थोडी कमी मिळते, पण तुमच्यासारख्या गोंधळात मी तेच निवडेन. एक सावधगिरी: पुढे कधी बायोटिन लावलेले पेप्टाइड स्ट्रेप्टाव्हिडिनच्या स्लाइडवर बांधणार असाल, तर बायोटिनची अँटी-आयजीई अजिबात वापरू नका. काचेवरच्या मोकळ्या जागा तिला ओढून घेतात आणि काच टोकापासून टोकापर्यंत लाल होते.

सीरमशिवाय ते ठिपके काळे राहिले, तर गोष्ट गंभीरपणे घ्या: त्या दोघांच्या रक्तात खरोखरच ट्रोपोमायोसिनला धरणारी आयजीई असू शकते. कोळंबी पचत असूनही. घरातल्या धुळीतला माइट हा सूक्ष्म किडा, झुरळ आणि पोटातले जंत या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन आहे, आणि माइटचं ट्रोपोमायोसिन कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनशी सुमारे ८० टक्के जुळतं. आपल्या दमट घरांत गाद्या आणि गोधड्या पावसाळाभर सुकत नाहीत. माइटला याहून चांगली जागा नाही. माइटमुळे शिंका येणाऱ्याच्या सीरमने कोळंबीचे पेप्टाइड उजळले तर त्यात काचेची चूक नाही. ती संवेदनशीलता आहे, आणि संवेदनशीलता म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. एक दिलासा: पेप्टाइडवर साखरेच्या साखळ्या नसतात. वनस्पतींच्या अर्कांवर आयजीई उगाच चिकटते त्याचं एक मोठं कारण त्या साखळ्या, ते इथे उरत नाही.

म्हणून ६ कंट्रोल (तुलनेसाठीचे अ‍ॅलर्जी नसलेले लोक) पुरणार नाहीत, आणि ते कोण आहेत हे संख्येइतकंच महत्त्वाचं आहे. पुण्या-मुंबईतून आणलेलं सीरम चालणार नाही. त्याच गावांतले, त्याच मोसमात रक्त दिलेले २० जण घ्या, आणि त्यांतले निम्मे असे की ज्यांना धुळीचा त्रास आहे पण जे कोळंबी बिनदिक्कत खातात. तुमच्या अभ्यासाचा खरा कस या निम्म्यांवर लागेल. जे पेप्टाइड रुग्णांत उजळतात आणि यांच्यात उजळत नाहीत, तेच कामाचे.

रक्त नव्याने घ्याल तेव्हा साध्या लाल झाकणाच्या किंवा जेलच्या ट्यूबमध्ये घ्या. ईडीटीए किंवा हेपारिनचा प्लाझ्मा नको, त्यातल्या फायब्रिनचे तंतू काचेवर बसतात. अर्धा तास गोठू द्या, १,५०० जीला (गुरुत्वाच्या १,५०० पट जोराने) १० मिनिटं फिरवा, ५० मायक्रोलिटरच्या ट्यूबा करून उणे ८० अंशांत ठेवा. वितळवून पुन्हा गोठवणं टाळा. वीज जाते त्या दिवसांसाठी जनरेटर कुठल्या फ्रीजरला जोडलाय ते आजच विचारून ठेवा. सेटिरिझीनसारखी गोळी चालू असली तरी रक्तातल्या आयजीईवर परिणाम होत नाही. ती थांबवावी लागते ती कातडीवरच्या चाचणीआधी. ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन घेणारा कुणी असेल तर मात्र त्याला वेगळा नोंदवा, ते औषध आयजीईलाच जाऊन चिकटतं.

स्कॅन करताना सगळ्यात तेजस्वी ठिपकाही ६५,५३५च्या छतावर आदळू देऊ नका. दोन वेगवेगळ्या गेनवर (स्कॅनर चमक किती वाढवतो त्याची पातळी) दोनदा स्कॅन करा. ठिपक्याच्या मध्यकातून शेजारच्या पार्श्वभूमीचा मध्यक वजा करा. तीन ठिपक्यांत २५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो पेप्टाइड त्या कप्प्यात वाचलाच नाही असं धरा. मर्यादा प्रत्येक पेप्टाइडसाठी स्वतंत्र ठरवा: त्या २० कंट्रोलची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं. सगळ्या पेप्टाइडांना एकच मर्यादा लावली की चिकट पेप्टाइड नेहमी जिंकतात.

तुमच्या मांडणीत एक खास सोय आहे, ती वापरा. १५ लांबी आणि ३ची सरक असल्यामुळे शेजारच्या दोन पेप्टाइडांत १२ अमिनो आम्लं सामाईक आहेत. ९ अमिनो आम्लांचा खरा एपिटोप (अँटीबॉडी जिथे धरते तो भाग) लागोपाठ दोन किंवा तीन पेप्टाइडांत पूर्ण सापडतोच. म्हणून लागोपाठ उठलेली जोडी भरवशाची, आणि आजूबाजूला अंधार असलेला एकुलता ठिपका संशयाचा. कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनच्या २८४ अमिनो आम्लांत आयजीई बांधणारे पाच मोठे पट्टे आधीच नोंदलेले आहेत: ४३-५७, ८५-१०५, १३३-१४८, १८७-२०२ आणि २४७-२८४. तुमच्या रुग्णांचे ठिपके यांतल्या एखाद्या पट्ट्याजवळ गोळा होत नसतील, तर नवा शोध लागला असं म्हणण्याआधी स्लाइडचा नकाशा उलटा तर वाचला नाही ना ते बघा. असं होतं, आणि वारंवार होतं.

शेवटची खात्री अडवणुकीची. सीरममध्ये उकडलेल्या कोळंबीचा अर्क घालून (मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम प्रथिन, एक तास) मग काचेवर सोडा. खरा ठिपका निम्म्याहून खाली यायला हवा. दुसऱ्या कप्प्यात तेवढंच अंड्याचं अल्ब्युमिन घाला. तिथे तो खाली यायला नको. ट्रोपोमायोसिन उकळीत टिकतं आणि पाण्यात उतरतं, त्यामुळे अर्क करणं सोपं आहे. फक्त कोळंबी कुठली ते ओळखून घ्या. बाजारात टायगरबरोबर तलावातली व्हेनामी, समुद्रातली करंदी आणि जवळा सगळंच मिसळलेलं येतं. ओळख पटत नसेल तर शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात नमुना दाखवा.

इतकं केल्यावरही एखाद्या रुग्णाचं शून्य खरं असू शकतं. पेप्टाइड सरळ तुकडे असतात. प्रथिनाची घडी पडल्यावरच जो आकार बनतो त्याला धरणारी आयजीई तुमच्या काचेवर कधीच दिसणार नाही. शिवाय काहींची कोळंबीची अ‍ॅलर्जी ट्रोपोमायोसिनची नसतेच, ती आर्जिनीन कायनेजची किंवा सार्कोप्लाझ्मिक कॅल्शियम-बाइंडिंग प्रथिनाची असते. म्हणून कप्प्यात अख्ख्या ट्रोपोमायोसिनचे आणि कोळंबीच्या अर्काचे तीन-तीन ठिपके ठेवा. पुढे हीच पद्धत माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनला किंवा काजूच्या २एस अल्ब्युमिनला लावायचा विचार असेल तर थांबा. पहिल्याची घडी कॅल्शियमवर आणि दुसऱ्याची गंधकाच्या पुलांवर टिकलेली आहे. तुकडे केले की त्यांचे बरेच एपिटोप मोडतात. ट्रोपोमायोसिन लांब, सरळ सर्पिल आहे म्हणूनच ते या पद्धतीला मानवतं.

सीरमचा हिशेब असा ठेवा. मुख्य चाचणी तीन वेगळ्या दिवशी, म्हणजे ६० मायक्रोलिटर. अडवणुकीचे दोन कप्पे ४०. आयजीजी४साठी ५. उरलेल्या ९५ला हात लावू नका; परीक्षक काही विचारतील तेव्हा तेच कामाला येईल. १६ कप्प्यांत १२ रुग्ण, २ कंट्रोल, एक कप्पा सीरमशिवाय, आणि एक दर स्लाइडवर तोच एकत्र केलेला पॉझिटिव्ह सीरम. त्याचे आकडे दिवसागणिक बदलले तर दिवस वाईट होता, रुग्ण नव्हे. बाकीचे कंट्रोल वेगळ्या स्लाइडवर, पण त्याच छपाईतल्या.

आता त्या आईचं. तुमची स्लाइड रुग्णाला द्यायचा रिपोर्ट नाही, आणि तसं तिला स्पष्ट सांगणं हे तुमच्याच कामात मोडतं. संमतीपत्रात ते लिहिलेलं नसेल तर एथिक्स कमिटीकडून दुरुस्ती मंजूर करून घ्या. मुलगा ७ वर्षांवरचा असेल तर त्याचीही संमती, त्याला समजेल अशा शब्दांत, घेतलेली असायला हवी. ठिपके उजळले म्हणून कोळंबी बंद, काळे राहिले म्हणून चालू, असं कुणालाही सांगायचं नाही. निदान अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे होतं: आधी नीट विचारपूस, मग कातडीची टोचणी किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई, आणि गरज पडली तर इस्पितळात, तयारीनिशी, थोडंथोडं खायला देऊन बघणं. हा शेवटचा प्रयोग घरी कधीच करायचा नाही.

तोवर कोळंबी पूर्ण बंद. सोडे, जवळ्याची चटणी, करंदीची भजी हेही त्यातच आलं. कुर्ल्या आणि शेवंड यांचं ट्रोपोमायोसिन जवळजवळ सारखंच असतं, तेही नको. तिसऱ्या-कालवांबद्दल डॉक्टरांना विचारावं. कोळंबी उकडताना किंवा सोडे भाजताना मुलाला चुलीजवळ बसवू नये, वाफेतूनही प्रथिन जातं. बांगडा-सुरमई आजवर बिनत्रास पचत असेल तर ती बंद करायचं कारण नाही, माशाचं अ‍ॅलर्जन वेगळं आहे. आयोडीनमुळे त्रास होतो असं कुणी सांगितलं असेल तर तेही तिच्या मनातून काढा, आयोडीनचा यात काही संबंध नाही. आणि पित्ताबरोबर कधी धाप, घशात आवळल्यासारखं, उलट्या किंवा चक्कर आली, तर गोळी देऊन वाट बघू नये. अशा वेळी उपाय एकच, मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन; जवळच्या ज्या दवाखान्यात ते मिळेल तिथे थेट न्यावं.

हे तिला आजच फोन करून सांगा. स्लाइड दुरुस्त व्हायला दोन महिने लागतील, तिच्या मुलाची तपासणी या आठवड्यात होऊ शकते.